धोट्यावरचे दात

सई, ये, जरा जवळ सरकून बस. तू पुण्यात आणि मी वडगावात, तरी बस. आणि वाचताना तो मोबाईल पालथा ठेव. मी रागावले आहे तुझ्यावर. मागच्या खेपेला आलीस, फळीवरचा जुना धोटा उचललास आणि विचारलंस, "आज्जी, हा उंदरानं कुरतडलाय काय?" मी हात पुसून येईपर्यंत त्याच्या पोटातल्या कांडीवरचा काळपट धागा ओढून तोडायला निघालेलीस. मी ओरडले, तू दचकलीस, तेवढ्यात तुझी रिक्षा आली आणि तू गेलीस. विचारायचं आणि उत्तराला थांबायचं नाही, हे कुठलं गं वळण? बरं, उत्तर तेव्हा देता आलंच नसतं म्हणा. तुझे आजोबा समोर बसले होते. आत्ता ते चष्मा शोधताहेत. तो माझ्या पदराखाली आहे. तोवर लिहून घेते.

उंदीर नव्हे गं. ते आक्कांचे दात आहेत.

आक्का म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. तू चार वर्षांची असताना त्या गेल्या, त्यामुळं तुला आठवत असेल तर फक्त त्यांचा आवाज. त्यांना हळू बोलता यायचं नाही. त्यांनी तुझ्या कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. सगळं आयुष्य पॉवरलूमच्या खोलीत गेलं. सहा माग एकदम खडखडायला लागले की तिथं माणसाचा आवाज तो काय. पंचविशीत नवरा गेला, माहेरी परत आल्या, दुसऱ्या दिवशी मागावर उभ्या राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूबाईंचं राज्य होतं आणि मागाच्या खोलीत आक्कांचं. दोन्हीकडं मी नवीनच.

आता धोटा. धोटा म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, म्हणजे कांडी, पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं धावणारं होडीसारखं लाकूड. दोन्ही टोकांना पोलाद असतं. आक्कांच्या ह्या धोट्याचं एक टोक निखळलेलं, म्हणून तो मागावरनं उतरवला होता. एकदा एका मागाच्या खाली त्या वाकल्या होत्या, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून धोटा दातात धरला. त्याचं पोलादी टोक मागाच्या लोखंडाला टेकलं आणि आक्का तशाच थांबल्या. मग डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले तर हातानंच मला लांब राहा म्हणाल्या. नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "सुमे, ऐकलं मी. कानानं न्हवं, डोसक्यानं. आत एक दाता तुटलाय चाकाचा." उघडून बघितलं तर खरंच तुटला होता.

तेव्हा त्यांचे कान नुकते जायला लागले होते, आणि त्यांना कळलं होतं. मागवाल्यांना कळतंच, आधी चिमण्या जातात, मग दाराची कडी, मग पोरांची हाक. आक्का त्याचं रडगाणं गात बसल्या नाहीत. म्हणायच्या, "म्होरलं दार लागाय लागलंय, तर मागल्या दारानं येऊ दे की आवाज." त्या दिवसापासनं धोटा त्यांच्या कमरेला. माग बिघडला की आधी धोटा दातात, टोक लोखंडावर, डोळे मिटलेले. जणू देवाचा प्रसाद चघळताहेत. आम्ही पोरीसोरी बायका हसायचो. पण माग चालू झाला की हसू कुठल्या कुठं जायचं, आणि मी तर नुसती बघत राहायची. माणसाच्या कवटीत एवढी जागा असते, हे मला आक्कांनी दाखवलं.

त्यांची दुसरी एक खोड होती. कुठलीही वस्तू बिघडली की पहिला प्रश्न, "ह्याच्या आधी हात कुणी लावलता?" मिक्सर असो, शिलाई मशीन असो, पाण्याची मोटर असो. त्यांचं म्हणणं, यंत्र आपणहून आजारी पडत नाही, त्याच्या आधी कुणाचा तरी हात तिथं जाऊन आलेला असतो. पण गंमत बघ, हात कुणाचा ते कळलं की त्या गप्प बसायच्या. एकदा कामाला येणाऱ्या एका बाईनं मागाच्या साखळीत चुकून केसातली पिन पाडली. आक्कांनी ती काढली, स्वतःच्या अंबाड्यात खोवली आणि माग चालू केला. मालक म्हणून तुझे आजोबा विचारत राहिले, कुणाची पिन, कुणाची पिन. आक्का म्हणाल्या, "माझीच की रं बाळू, बघ, डोसक्यात हाय." बाळू म्हणजे तुझे आजोबा. साठी उलटली तरी बाळूच.

आणि मागाच्या खोलीतली ती हातांची बोली. खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून आम्ही सगळ्या हातांनी बोलायचो. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, म्हणजे धागा तुटला. दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांत अडकवली, म्हणजे जोडला. तळहात आडवा धरून पुढं सरकवला, म्हणजे चालू दे. चहा, भूक, सासू आली, पोट दुखतंय, सगळ्याला खुणा होत्या. अख्खं भांडण आम्ही तोंड न उघडता करायचो. आक्कांचे कान पुरते गेले तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आपल्याला ही बोली येते. पण माणूस आळशी असतं गं. मागाच्या खोलीबाहेर कुणी खुणा करेना. सुरुवातीला सगळे ओरडून बोलायचे. मग ओरडायचाही कंटाळा आला. मग आक्कांना काही सांगायचंच बंद झालं. मीही त्यातलीच.

कान गेल्यावर डॉक्टरांनी आक्कांना मागाच्या खोलीत जायला बंदी केली. तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावचे दोन माग विकले आणि त्यातून तुझ्या महेशमामाला जुनी पिकप गाडी घेऊन दिली. सुताची गाठोडी आणायची, तयार साड्या खडेबाजारात पोचवायच्या, कधी निपाणीला फेरी. गाडी दारात आली त्या दिवशी मी ओवाळलं, महेशनं नारळ फोडला, आणि आक्कांनी बॉनेटवर हात ठेवून धोटा दातात धरला. बराच वेळ ऐकलं. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझं दोन माग चार झालं गं सुमे! चारी बी एका तालात." इंजिनाच्या पोटात चार खोल्या असतात, त्या पाळीपाळीनं पेटतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

म्हणून सांगते, ती गाडी म्हणजे आक्कांचे माग होते. हे लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तुझी आई तेव्हा तुला घेऊन बाळंतपणाहून नुकतीच सासरी गेली होती. एका गुरुवारी महेश निपाणीहून परत आला तो गाडी घुसमटत, धडपडत. दारात उभी केली तरी थरथर थांबेना. बाहेर ठेवलेली घागर त्या हादऱ्यानं वाजत होती. नीट चाललेल्या इंजिनाचा आवाज कसा, कांडपासारखा सरळ. हिचा म्हणजे तीन पावलं टाकायची आणि चौथ्याला ठेच.

"मिसिंग मारायलीय," महेश म्हणाला. "वाटेत डिझेल संपलं, कॅननं आणून भरलं, पायपातली हवा काढली, चालू केली. तवापासनं असंच."

गॅरेजवाला आला. त्यानं दारातच दोन मिनिटं कान दिला, काळा-पांढरा धूर बघितला आणि सांगितलं, पिस्टन गेलाय, सगळं इंजिन खोलायला लागतंय, आणि एवढ्या जुन्या गाडीला ते करण्यात अर्थ नाही. तुझ्या आजोबांनी जेवायच्या आधीच ठरवून टाकलं. हिंडलग्याचा एक जण जुन्या गाड्या घेतो, त्याला फोन गेला. तो सोमवारी सकाळी गाडी बघून घेऊन जाणार. महेश मान खाली घालून जेवला.

मी म्हटलं, "अहो, आक्कांना विचारायचं तरी. गाडी त्यांची."

"आक्काला काय विचारायचं?" ते म्हणाले. "तिला स्वयपाकघरात भांडं पडल्यालं ऐकू येत न्हाय, इंजिन काय ऐकू येतंय? सोमवारनंतर सांगू. उगंच जिवाला लावून घेईल."

आक्का तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसून जेवत होत्या. त्यांच्या पाठीमागं त्यांची गाडी विकली गेली आणि त्या शांतपणे भाकरी मोडत होत्या. त्या घासाचं मला अजून वाईट वाटतं. खूण करायला माझ्याकडं दोन हात होते की. मी केली नाही.

पण आक्कांना अंधारात ठेवणं एवढं सोपं नव्हतं. शनिवारी महेशनं गाडी पुढंमागं करायला म्हणून चालू केली. आक्का कट्ट्यावर बसल्या होत्या, अनवाणी, पाय फरशीवर टेकलेले. त्यांनी एकदम पाय उचलले, परत टेकवले, आणि गर्जल्या, "सुमे! गाडी लंगडायलीय! कवापासनं?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी हातांनी सगळं सांगितलं. गुरुवार. गॅरेजवाला. सोमवार. विकायची ही खूण आमच्या बोलीत नव्हती, तर मी दोन बोटांनी चालणारी गाडी केली आणि ती दाराबाहेर सोडून दिली. आक्का माझ्या बोटांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी. गार असताना. तोवर कुणी हात लावायचा न्हाय."

रविवारी सकाळी चहा झाल्यावर आक्का पदर खोचून अंगणात उतरल्या. कमरेला धोटा, हातात पाण्याचा तांब्या. तुझे आजोबा कट्ट्यावर पेपर घेऊन बसले, पेपर उलटा होता हे मी नंतर पाहिलं. आक्कांनी महेशला खुणावलं, बॉनेट उघड, चालू कर. धड, धड, धड, आणि ठेच. धड, धड, धड, आणि ठेच.

"आता तापू दे थोडं. लई न्हाय. लई तापलं की चारी सारखंच हुतंय, मग चोर सापडत न्हाय."

दोन मिनिटांनी त्यांनी तांब्यात बोटं बुडवली. इंजिनातून धूर बाहेर नेणारे चार आखूड लोखंडी नळ असतात, प्रत्येक खोलीचा एक. आक्कांनी पहिल्यावर चार थेंब शिंपडले. चर्र. दुसऱ्यावर. चर्र. तिसऱ्यावर शिंपडले आणि पाणी नुसतं ओघळलं. चौथ्यावर परत चर्र.

सई, चाळीस वर्षं मी तवा तापला की नाही ते असंच बघत आले होते, रोज, दोन वेळा. तेच चार थेंब. इंजिनाला हा प्रश्न विचारता येतो, आणि ते उत्तर देतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तिसरी चूल थंड हाय," आक्का म्हणाल्या. "आता का थंड हाय ते बघू."

तुझे आजोबा कट्ट्यावरनं म्हणाले, "चूल थंड म्हणजे पिस्टनच गेला की. गॅरेजवाला तेच सांगत हुता."

आक्कांना ऐकू गेलं नाही, पण त्यांनी आजोबांच्या ओठांकडं बघितलं होतं. धोटा काढला, दातात धरला, पोलादी टोक तिसऱ्या खोलीच्या अंगाला टेकवलं आणि डोळे मिटले. इंजिन थरथरत होतं, त्याबरोबर धोटा, त्याबरोबर आक्कांचं कपाळ, त्यावरचं बारीक गोंदण. बाजूच्या घरातल्या दोघी गच्चीवरनं बघत होत्या. धोटा मग पहिल्यावर, दुसऱ्यावर, चौथ्यावर, आणि परत तिसऱ्यावर. बरोबर तेवढा वेळ लागला जेवढ्यात मी मनातल्या मनात तीन देवांना नवस बोलले.

त्यांनी धोटा काढला. "पिस्टन बरा हाय, बाळू. आत ठोका न्हाय, खरखर न्हाय. वर-खाली नीट करतोय बिचारा. त्येला जेवायला मिळंना झालंय."

जेवण म्हणजे डिझेल. पंपापासून प्रत्येक खोलीला एक बारीक लोखंडी नळी जाते, तिच्या टोकाला नट असतो. आक्कांनी महेशला पाना घ्यायला लावला. एकेक नट जरासा ढिला करायचा आणि लगेच आवळायचा, बोटं लांब ठेवून. पहिला ढिला केला, इंजिन आणखी कोलमडलं. आवळला. दुसरा, तसंच. चौथा, तसंच. तिसरा ढिला केला आणि काही म्हणजे काही फरक पडला नाही. जेवणारंच उपाशी असलं, तर ताट काढून घेतल्याचं त्याला काय कळणार?

महेशचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतास. "आत्या," तो म्हणाला आणि तिसरा नट परत आवळला. तुझ्या आजोबांनी पेपर खाली ठेवला होता.

"बंद कर," आक्का म्हणाल्या. अंगण एकदम शांत झालं. आणि मग तो प्रश्न आला. "ह्याच्या आधी हात कुणी लावलता?"

"मीच की," महेश म्हणाला, खुणेनं छातीला हात लावून. "हवा काढताना चारी नट ढिलं केलतं. परत आवळलं."

"त्येच्या आधी?"

महेशनं मान हलवली. कुणी नाही.

मलाही तेव्हा खरंच काही आठवलं नव्हतं. एवढं तुझ्या आज्जीवर विश्वास ठेव.

महेशनं तिसरा नट पुरता काढला. आक्कांनी अंबाड्यातली पिन घेतली, नट आणि नळीचं तोंड जिथं एकमेकांवर घट्ट बसतं तिथं हळूच फिरवली, आणि काहीतरी ओढलं. येईना. परत ओढलं. कापडातला चुकलेला धागा काढतात तसं, न तोडता, न घाई करता. आणि ते बाहेर आलं. वीतभर लांब, डिझेलनं काळं झालेलं. आक्कांनी ते दोन बोटांत धरून उजेडाकडं नेलं, नखानं चोळलं. काळ्याखालनं रंग निघाला. मोरपंखी.

सई, त्या पंधरवड्यात मोरपंखी सूत आमच्या घरात एकाच मागावर होतं. माझ्या.

मग मला आठवलं, सगळं एकदम, जसं कुणी अंगावर पाणी ओतावं. गाडी रात्री दारापुढं उभी असायची आणि सकाळी माझ्या रांगोळीच्या जागेवर डिझेलचे थेंब पडलेले असायचे. रोज घासायची, रोज परत. निपाणीच्या फेरीच्या आधी एका सकाळी महेश बॉनेट उघडं टाकून चहाला आत गेला, तेव्हा मी बघितलं, त्या नटाच्या बुडातनं थेंब येतोय. हातात कांडी होती. आम्ही मागवाले, आम्हाला काहीही सुटलं, गळलं, हललं की एकच औषध माहीत. मी पदरानं पुसलं आणि सूत गच्च गुंडाळलं, दहा-बारा वेढे, वर आमची विणकरी गाठ. थेंब थांबला. मी रांगोळी काढली आणि विसरून गेले. महेशनं वाटेत घाईघाईनं नट ढिला करून आवळला तेव्हा बाकीचे वेढे पान्यानं तुटून पडले आणि त्यातला एक पदर आत चेपला गेला. नट बसल्यासारखा दिसला, पण बसला नव्हता. खोलीत जायचं डिझेल बाहेरच वाहून जात होतं. गुरुवारपासनं थेंब परत पडत होते, ते मी बघितलेही होते. पण गाडीच आजारी म्हटल्यावर थेंबांचं कोण बघतं.

म्हणजे आक्कांचे माग मी विकायला काढले होते. रांगोळीपायी.

आक्कांनी धाग्यावरची नजर उचलली आणि माझ्याकडं बघितलं. मी मोरपंखी सुताच्या साडीपेक्षा हिरवी पडले असेन. तोंड उघडलं. त्यांनी मान हलवली, इतकी थोडी की फक्त मला दिसावी.

"काय निघालं गं आक्का?" तुझे आजोबा कट्ट्यावरनं उठत ओरडले.

"कचरा," आक्का म्हणाल्या आणि धागा कमरेला खोवला.

"कसला कचरा? बघू. दाव की."

आक्कांनी कानाला हात लावला. "आं?"

"कसला कचरा म्हणतोय मी! कुठनं आला?"

"व्हय, व्हय, च्या घेईन की. सुमे, च्या ठेव गं, बाळूला बी पाहिजे म्हणतोय."

ओठांवरनं अख्खं भांडण वाचणारी बाई, तिला त्या दिवशी एक शब्द कळेना! तुझे आजोबा वैतागून परत बसले. आणि त्यांची पाठ वळली तेव्हा आक्कांनी इंजिनाच्या आडून माझ्याकडं हात केला. अंगठा आणि बोट घासलं. मग दोन्ही बोटं अडकवली. मग तळहात आडवा पुढं सरकवला.

तुटला. जोडला. चालू दे.

आक्कांना हळू बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला असं माफ केलं, भर अंगणात, चार माणसांत, कुणाला न कळता. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि पातेल्याच्या वाफेत तोंड घालून रडले.

नट पुसून बसवला, हवा काढली, गाडी चालू केली. दोन उचक्या दिल्या आणि मग लागली. धड धड धड धड. सरळ. अंगणातली घागर वाजायची थांबली. आक्कांनी धोटा दातात धरून ऐकलं आणि चार बोटं वर केली.

सोमवारी हिंडलग्याचा माणूस आला. गाडी चालू करून बघितली, त्याला फारच आवडली. तुझे आजोबा म्हणाले, "विकायची न्हाय. गाडी माझी न्हवं, आक्काची हाय. तिला इचारल्याबिगर म्या कसा विकू?" असं म्हणाले, आणि कानापर्यंत लालही झाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खूण केली. आमटी वाढू काय, अशी. चुकलीच. मागाच्या बोलीत त्याचा अर्थ पोट दुखतंय असा होतो. आक्का एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पुढं हे गावभर झालं. बेळगुंदीचा एक शेतकरी रताळ्यांची पोती भरलेली पिकप घेऊन आला, कुणी पिठाची गिरणी ऐकायला घेऊन गेलं. आक्का धोटा घेऊन जायच्या, हात कुणी लावलता विचारायच्या आणि नाव कुणाचं सांगायच्या नाहीत. आणि घरात आम्ही सगळे परत हातांनी बोलायला लागलो. तुझा महेशमामा अजून बायकोशी भांडताना हात चालवतो तो तिथला.

शेवटच्या आजारपणात त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत, खिडकीशी हलवली. लोखंडी खाट. महेश रोज सकाळी खिडकीखाली गाडी चालू करायचा, मग खडेबाजारात जायचा. आक्का धोट्याचं टोक खाटेच्या दांडीला टेकवून ऐकायच्या. पुढं हात कापायला लागले, तर मी धोटा धरायची. दातही मोजकेच राहिले होते. एका सकाळी मी धरला, गाडी सुरू झाली, त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ काही हालचाल नाही. मला वाटलं झोपल्या. मग पांघरुणाखालनं हात निघाला आणि बोटं उघडली, एक, दोन, तीन. थांबली. मग चौथं.

"चारी बी," म्हणाल्या. एवढ्या हळू की मी कान जवळ नेला. त्यांचा हळू आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी धोटा पुसायला घेतला. पोटातली कांडी रिकामी असायची, मला पक्कं माहीत होतं. तिच्यावर धागा होता. वीतभर, काळपट, एकसारखे वेढे, शेवटी आमची विणकरी गाठ. नाकाशी नेला. डिझेल.

तोच तू तोडायला निघाली होतीस, बाई.

तुझ्या आजोबांना आजही ठाऊक नाही. कसला कचरा होता, असं अजून मधेच विचारतात, आणि मी कानाला हात लावते. माझेही कान आता खरंच कमी झालेत, त्यामुळं निभावतं. सांगून टाकावं की काय, असं हल्ली वाटतं. ते मी एकटीनं नाही ठरवायची. तू ये. रिक्षा दारात उभी करून नव्हे, चार दिवस राहायला म्हणून लौकर ये. महेशमामा गाडी चालू करेल, मी तुला धोटा धुऊन देईन. आक्कांच्या खुणांच्या शेजारी थोडी जागा आहे, तिथं दात लाव, डोळे मीट आणि मला सांग, किती ऐकू येतात.

ते बघ, आले. चष्मा मागताहेत.